वास येत नाही, म्हणून वायू नाही?

हैदराबादेतील बेगम बाजाराच्या ज्या गल्ल्यांत स्टीलच्या पातेल्यांपासून गॅसच्या शेगड्या, नळ्या आणि रेग्युलेटरपर्यंत संसाराचा सारा सरंजाम ठोक भावाने मिळतो, तेथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागणाऱ्या ग्राहकाच्या हाती गॅसगळतीचा अलार्म ठेवून ‘सब गॅस पकडता साब’ अशी ग्वाही दिली गेली, तर त्यात दुकानदाराचा फारसा अपराध मानता येणार नाही. कारण ‘गॅसला वास असतो, गळती झाली तर कळेलच, मग आणखी एक डबी भिंतीला कशाला?’ असे विचारणाऱ्यांत सुशिक्षितांचीच संख्या अधिक असते. हा समज इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे कानी पडतो की, त्याचा एकदा रीतसर पंचनामा करणे प्राप्त आहे.

सिलिंडरातील वायूला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र द्रव्य हेतुपुरस्सर मिसळलेले असते आणि ज्योतीत ते जळून नाहीसे होते. कार्बन मोनॉक्साइड हा सिलिंडरातून गळणारा वायू नव्हेच. गॅस, कोळसा, लाकूड, डिझेल यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळू लागले की तो त्या ज्वलनातच जन्म घेतो. त्याला रंग नाही, गंध नाही, चव नाही. सबब, ज्या घरी गळती तिळमात्र नाही त्या घरीही तो प्राणघातक प्रमाणात साचू शकतो, आणि गळतीचा अलार्म त्या वेळी मुकाट्याने हिरवा दिवा दाखवीत बसलेला असतो.

न्हाणीघरातील गॅस गीझरचेच उदाहरण घ्या. एक भाग प्रोपेन पूर्णपणे जळण्यास सुमारे २४ भाग हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१. दार लावलेले, थंडीचा वारा येऊ नये म्हणून झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला आणि नळ धो धो सुटलेला, अशा चार-पाच फुटी न्हाणीघरात ती हवा येणार कोठून? प्राणवायू उणा पडत जातो, ज्वलन अपुरे होते आणि विषारी वायू वाढतो. स्नान करणाऱ्याला मात्र फक्त वाफ दिसते.

दोन्ही यंत्रांचे कामही निराळे. सिलिंडरचा गॅस हवेत सुमारे दोन टक्के मिसळला की पेट घेऊ शकतो. म्हणून गळतीचा अलार्म साधारणतः त्या पातळीच्या दहा-वीस टक्क्यांवर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सुमारे दोन हजार किंवा त्याहून अधिक भाग गॅस झाल्यावर, वाजतो. कार्बन मोनॉक्साइडचा हिशोब याहून कितीतरी बारीक आहे. दहा लाखांत १,६०० भाग झाले तर मनुष्य एक-दोन तासांत दगावतो. म्हणून ईएन ५०२९१ या युरोपीय मानकानुसार त्याचा अलार्म ५० भागांना ६० ते ९० मिनिटांत, १०० भागांना १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे. तेव्हा खरेदी करताना खोक्यावर ‘गॅस’ हा मोघम शब्द न पाहता ‘कार्बन मोनॉक्साइड’ हे नाव आणि मानकाचा क्रमांक पाहावा.

‘पण जीव गुदमरला तर जाग येईलच की!’ हा या गैरसमजाचा धाकटा भाऊ. क्लॉद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८५७ सालीच दाखवून दिले होते की, हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूहून दोनशे पटींवर आहे. त्यामुळे गुदमरल्याची जाणीव न होता आधी डोके दुखते, मग मळमळ आणि चक्कर येते. घरातले लोक पित्ताला किंवा आदल्या रात्रीच्या बिर्याणीला दोष देतात आणि विश्रांतीसाठी पुन्हा त्याच खोलीत आडवे होतात. घरातील सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखावे आणि बाहेर पडताच उतार पडावा, ही खूण ध्यानात ठेवावी. नेपाळातील दामन येथे जानेवारी २०२० मध्ये केरळचे आठ पर्यटक गॅस हीटर लावून, दारेखिडक्या बंद करून निजले. त्यांत चार मुले होती. आठांपैकी एकही वाचला नाही. गुदमरून जाग येते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

उरलेल्या समजांचा निकाल एकेका ओळीत लावता येईल.

‘निखारे लाल झाले, धूर गेला, आता शेगडी आत घ्यावी.’ धूर गेला तरी हा वायू जात नाही. निखारे तो सोडीतच असतात.

‘शेजारी पाण्याची बादली ठेवली की झाले.’ हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

‘गॅस खाली बसतो, अलार्म जमिनीलगत लावावा.’ ते सिलिंडरच्या गॅसबाबत खरे; हा वायू हवेहून किंचित हलका असून सर्वत्र मिसळतो.

‘ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, म्हणजे प्रकृती ठीक.’ साध्या ऑक्सिमीटरला या वायूने व्यापलेले रक्त आणि प्राणवायूचे रक्त यांतला भेदच कळत नाही.

‘हाच अलार्म आगीलाही चालेल.’ चालणार नाही. १८ मे २०२५ रोजी हैदराबादेतच मुसी नदीपलीकडे गुलजार हौजजवळ, खाली दुकाने आणि वर बिऱ्हाड असलेल्या इमारतीतील आगीत १७ जण गेले ते मुख्यतः धुराने, आणि बेगम बाजारातही तसल्याच इमारती असल्याने धुराच्या अलार्मची तजवीज स्वतंत्र हवी.

‘बटण दाबले, वाजला, म्हणजे ठीक.’ बहुतेक यंत्रांत बटणाने भोंगा आणि बॅटरी तपासली जाते. वायू ओळखणाऱ्या सेन्सरची मुदत पाच ते दहा वर्षांची असते आणि ती यंत्राच्या पाठीवर छापलेली असते.

यंत्र गीझर वा शेगडीपासून एक ते तीन मीटरवर, छतापासून निदान १५ सेंटिमीटर खाली असावे. निजण्याच्या खोलीत ते उशीच्या उंचीवर लावावे. न्हाणीघरात ते बसवू नये, कारण वाफेने बिघडते. त्याची जागा दाराबाहेर. पडद्यामागे, खिडकीशी किंवा पंख्याखाली ते निरुपयोगी. महिन्यातून एकदा बटण दाबावे, कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, आणि रंगकाम किंवा कीटकनाशकाची फवारणी चालू असता ते दूर ठेवावे. मिनिटा-मिनिटाने एकच चिमुकला ‘टिक’ आला तर बॅटरी संपत आली आहे किंवा मुदत भरली आहे. सलग चार-चार ठोके आले तर मात्र वाद न घालता शेगडी-गीझर बंद करावेत, दारेखिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि कुणाला चक्कर असल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि अलार्म लावला म्हणून झरोका बुजविण्याची मुभा मिळत नाही. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या भिंतीवर बसविणे हा पहिला बंदोबस्त; अलार्म हा दुसरा. पहिल्याचा खर्च वाचवून दुसऱ्यावर विसंबू नये.