करारापासून मैदानापर्यंत : कुवेतच्या युवा व्हॉलीबॉल दौऱ्यासाठी काय लागते?

22 डिसेंबर 2024 रोजी भारत आणि कुवेत यांच्यात ज्या कागदपत्रांवर स्वाक्षऱ्या झाल्या, त्यांपैकी संरक्षणविषयक सामंजस्य कराराची चर्चा सर्वाधिक झाली. मात्र त्याच वेळी आणखी दोन दस्तऐवज संमत झाले : 2025 ते 2029 या काळासाठी सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम आणि 2025 ते 2028 या काळासाठी क्रीडा सहकार्याचा कार्यकारी कार्यक्रम. महाराष्ट्रातील एखाद्या शालेय व्हॉलीबॉल संघाला कुवेतचा दौरा करायचा असेल, तर या कागदांचा त्याला नेमका किती उपयोग होतो?

क्रीडाविषयक कार्यक्रमात क्रीडा क्षेत्रातील धुरीणांच्या परस्पर भेटी आणि क्रीडावैद्यक, व्यवस्थापन, माध्यमे व क्रीडाविज्ञान या विषयांतील अनुभवांची देवाणघेवाण अभिप्रेत आहे. सांस्कृतिक कार्यक्रमात कला, संगीत, नृत्य, साहित्य आणि नाट्य यांचा समावेश आहे. ही चौकट शासकीय पातळीवर दार उघडते. पंधरा मुलांचे विमानभाडे, निवास आणि सामने मात्र ती ठरवून देत नाही. ते काम यजमानांचे असते. म्हणूनच अशा दौऱ्याचे यश मंत्रालयापेक्षा जलीब अल शुयूखसारख्या वस्तीवर अधिक अवलंबून असते.

यजमान वस्ती

कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय राहतात. देशाच्या लोकसंख्येचा तो साधारण पाचवा भाग. विमानतळाजवळील, फरवानिया प्रांतातील जलीब ही स्थलांतरित कामगारांची दाट वस्ती आहे. तिच्या अब्बासिया भागात भारतीय शाळा, दुकाने आणि खानावळी एकवटल्या आहेत. 2020 मध्ये महासाथीच्या काळात एप्रिलपासून जुलैपर्यंत हा संपूर्ण परिसर बंदिस्त करण्यात आला होता. त्या गल्ल्यांतील मुलांसाठी मोकळे मैदान ही चैन नव्हे, गरज आहे.

येथे आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे. कुवेतचे नागरिकत्व वंशाने मिळते, तेथे जन्म झाल्याने नव्हे. जलीबमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाला उच्च शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बहुधा अन्यत्र जावे लागते, आणि महाराष्ट्राशी त्याचा संबंध सुट्टीतील आजोळापुरता उरतो. समवयस्क संघ दारात आला, तर त्या संबंधाला नातेवाइकांच्या पलीकडचे रूप मिळू शकते.

व्हॉलीबॉलच का?

व्हॉलीबॉलच्या क्रीडांगणाला 18 मीटर लांबी आणि 9 मीटर रुंदी पुरते. दाट वस्तीतील शाळेच्या आवारात एवढी जागा निघू शकते. साहित्य थोडे आणि संघ सहा जणांचा, त्यामुळे दोन्हीकडची मुले मिसळून संघ पाडणेही सोपे जाते.

भारत आणि आखात यांच्यात या खेळाचा धागा जुना आहे. 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातील केरळचे जिमी जॉर्ज अबूधाबीच्या क्लबकडूनही खेळले होते. 1987 मध्ये इटलीत अपघाती निधन झालेल्या या खेळाडूच्या नावाने अबूधाबीत आजही स्पर्धा भरते. मल्याळी मंडळांनी जे तेथे जोपासले, ते मराठी मंडळांनाही कुवेतमध्ये अशक्य नाही.

दिनदर्शिका आणि कागदपत्रे

दौऱ्याचा काळ निवडताना हवामान पहिले. कुवेतमधील मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. जून ते ऑगस्टमध्ये भर दुपारी उघड्यावर काम करण्यास कायद्याने मनाई असते. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. दिवाळीची सुट्टी उशिरा आल्यास ती त्याला जुळते. रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे दंडनीय असल्याने तो महिना टाळणे इष्ट. तेथील साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. शुक्रवारचे सामने दुपारच्या नमाजानंतरच ठेवावेत.

पंधरा वर्षांखालील मुलांचे भारतीय पारपत्र पाच वर्षांसाठीच मिळते, आणि प्रवासाच्या वेळी त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. संघातील एकाचे पारपत्र अडले तरी सर्वांचे आरक्षण अडते. म्हणून ही तपासणी संघनिवडीच्या दिवशीच व्हावी. पालकांचे लेखी संमतिपत्र, वैद्यकीय विमा आणि मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक या बाबींत तडजोड नसावी.

सांस्कृतिक म्हणजे काय?

अनेक दौऱ्यांत ‘सांस्कृतिक’ हा शब्द समारोपाच्या एका नृत्यापुरता उरतो. वास्तविक लेझीम हा खेळाडूंनाच शोभणारा प्रकार आहे. तो यजमान मुलांना दोन संध्याकाळींत शिकवता येतो. तेथून घेण्यासारखेही पुष्कळ आहे. बेदुईन परंपरेतील सदू विणकाम कुवेत शहरातील सदू भवनात पाहता येते. तारीख, हिशेब, वकील, मालक हे शब्द अरबीतून मराठीत आले, हे अरबी शिकणाऱ्या जलीबच्या मुलांकडूनच पाहुण्यांना समजावे. मुंबईशी कुवेतचा व्यापार गलबतांच्या काळापासूनचा. 1961 पर्यंत तेथे भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपया चालत होता.

परतीची फेरी

दौरा एकतर्फी राहिला तर तो सहल ठरतो. कुवेतमधील भारतीय शाळांना उन्हाळ्यात दीर्घ सुट्टी असते. जलीबचा संघ तेव्हा महाराष्ट्रात येऊ शकतो. पावसाळ्यात मातीची मैदाने भिजलेली असतात, म्हणून पुण्याच्या बालेवाडीसारख्या क्रीडासंकुलातील बंदिस्त सभागृह आधीच राखून ठेवावे लागेल. मुलांनी मात्र वसतिगृहाऐवजी यजमान खेळाडूंच्या घरी राहावे. क्रीडा कार्यक्रमाची मुदत 2028 मध्ये संपते. तोवर आज आठवीत असलेली मुले शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावर असतील. मंडळांनी दोन्ही फेऱ्यांच्या तारखा आताच ठरवाव्यात, हे उत्तम.