पेट्रोलच्या हिशेबावर उडणारा लिबरेटर

भिलाई-३ वरून हावड्याकडे निघालेली गाडी बिलासपूर, टाटानगर मागे टाकत खरगपूरला पोचते. १९४४ साली ही लाइन बंगाल-नागपूर रेल्वेची होती. भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा कागदावरही नव्हता, पण याच लाइनच्या पूर्व टोकाला त्या काळातली सर्वांत लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं मुक्कामाला होती. खरगपूरजवळच्या हिजलीत राजबंद्यांना डांबलेल्या इमारतीत अमेरिकन बॉम्बर कमांडने मुख्यालय थाटलं. पुढे १९५१ साली त्याच इमारतीत आयआयटी सुरू झाली.

अमेरिकनांची बी-२९ विमानं ५ जून १९४४ रोजी पहिल्या कामगिरीवर बँकॉकला गेली. जपान गाठायचं तर आधी चीनमधल्या चंगडूला उतरावं लागे, आणि तिथे पेट्रोल मिळत नसे. ते हिमालय ओलांडून याच विमानांनी न्यायचं, रिकामं परतायचं, पुन्हा न्यायचं. अशा अनेक खेपांनंतर एक हल्ला! युद्धपटात धडाका दिसतो, पण या मोहिमांचा खरा कस पिंपांच्या हिशेबात लागत असे.

तो हिशेब सर्वांत चोख ठेवला शेजारच्या दिगरी तळावरच्या ब्रिटिश हवाई दलाने. त्यांच्याकडे होतं लिबरेटर. चार इंजिनं, ११० फूट पंख, आणि दिसायला अगदी बेढब. पोटाची दारं बाहेर न उघडता दुकानाच्या शटरसारखी बाजूने वर सरकत. दोन्हीकडे टांगलेल्या बॉम्बच्या मधून पुढेमागे जायला जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी. जाड कपडे घालून त्यावरून चालायचं म्हणजे कसरतच. आत पेट्रोलची वाफ कोंडे म्हणून ही दारं वाटेत थोडी किलकिली ठेवत. सिगरेटची हौस असलेल्यांचे काय हाल होत असतील!

१५९ स्क्वॉड्रनचे प्रमुख विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांनी या विमानाच्या इंधनखर्चाचाच पिच्छा पुरवला. इंजिनाचे फेरे कमी, इंधन-हवेचं मिश्रण पातळ, वेग ठरीव. लांबच्या पल्ल्याला ३,००० पौंड बॉम्ब नेणारं विमान त्यांनी ८,००० पौंड न्यायला लावलं, तेही त्याच टाक्यांवर. २७ ऑक्टोबर १९४४ रोजी १५ लिबरेटर पेनांगच्या बंदरात सुरुंग पेरून आले. जपानी आणि जर्मन पाणबुड्यांचा तळ तिथे होता. जाऊन-येऊन ३,००० मैलांवर अंतर, बरंचसं समुद्रावरून, पंधरा तासांहून जास्त. जाताना कुणी थ्रॉटल जरा सढळ हाताने पुढे ढकलला, तर त्याची किंमत परतीच्या वाटेवर मोजावी लागणार. अशा ठिकाणी लिटर-लिटर वाचवणारा माणूस मला बेधडक माणसापेक्षा जास्त धाडसी वाटतो.

युद्ध संपलं. अमेरिकेकडून घेतलेली ही विमानं तिच्याशी झालेल्या कराराप्रमाणे परत तरी करायची किंवा मोडीत तरी काढायची. कानपूरच्या चकेरी तळावर ब्रिटिशांनी त्यांची व्यवस्थित वाट लावली: मापक फोडले, पत्रे चिरले, इंजिनांत वाळू ओतली. नव्या भारताला बॉम्बफेकी विमान हवं होतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने युद्धात अमेरिकन विमानांची दुरुस्ती केली होती. त्यांच्या माणसांनी या भंगारात डोकं घातलं. इकडचा पंख, तिकडचं इंजिन, असं करत एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं केलं. मग कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ते कानपूरहून बंगळूरला उडवत नेत आणि पूर्ण दुरुस्ती तिथे होई. अशी चाळीसहून अधिक विमानं त्यांनी नेली. शत्रूची तोफ नाही, पण खाली हजार मैल भारत आणि बुडाखाली कालपर्यंतचं भंगार.

१९४८ च्या नोव्हेंबरात ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन या लिबरेटरवर उभी राहिली. भारतीय हवाई दलाची ही पहिली जड बॉम्बफेकी तुकडी. १९५१ पासून ६ क्रमांकाची स्क्वॉड्रन पुण्याला, लोहगावला लिबरेटर उडवू लागली. बॉम्बऐवजी समुद्रावरची टेहळणी हे आता त्यांचं मुख्य काम झालं. पल्ला तोच, संयमही तोच. नुसतं पाणी न्याहाळत तासन्तास उडायचं. दरम्यान कॅनबेरा जेट आली. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून गेलेल्या १२ कॅनबेरांनी गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पेनांगच्या मानाने ते हाकेच्या अंतरावर.

पुण्याचे लिबरेटर १९६८ पर्यंत टिकले. तोवर बाकी जगाने आपले बहुतेक वितळवून टाकले होते. मग परदेशी संग्रहालयांची पत्रं येऊ लागली. लंडनला हेंडनच्या हवाई दल संग्रहालयातलं लिबरेटर १९४५ साली कोकोस बेटांवरून लढलेलं, आणि नंतर भारताने जपलेलं. ब्रिटनने ते १९७४ साली आपल्याकडून मागून घेतलं. भारतीय वैमानिकांनी ते उडवतच तिकडे नेऊन पोचतं केलं.