पॅडल दाबताच अडखळणारी जुनी मोटार

एक्सिलरेटरचे पॅडल दाबल्यावर इंजिनाने वेग घेण्याऐवजी क्षणभर दबणे, हिसका देणे आणि मग सावरणे, या दोषाला मेकॅनिक ‘पिकअप घेत नाही’ किंवा ‘मिसिंग करते’ असे म्हणतात. तक्रार एकच असली, तरी तिच्यामागची कारणे पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तिन्ही बाजूंनी येऊ शकतात. म्हणून सुटे भाग बदलत बसण्याआधी गाडी नेमकी केव्हा अडखळते, हा प्रश्न विचारायला हवा. त्याच्या उत्तरातच निम्मे निदान दडलेले असते.

आदिलाबाद जिल्ह्यात जुन्या ‘एपी ०१’ क्रमांकाच्या गाड्यांच्या पिढीत ॲम्बॅसेडर, १०८९ सीसीची प्रीमिअर पद्मिनी आणि १९८३ साली आलेली ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची मारुती ८०० यांचा समावेश होतो. यांतील बहुतेक गाड्या कार्बोरेटरच्या आहेत, म्हणजे हवेच्या ओढीनेच पेट्रोल खेचून त्याचे मिश्रण करणाऱ्या आहेत, आणि अडखळण्याचा खरा अभ्यास करावा तो याच गाड्यांवर.

थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा अडवणारी किंवा सोडणारी फिरती पाकळी. ती एकदम उघडली की हवा तत्काळ आत धावते. पेट्रोल मात्र हवेपेक्षा कितीतरी जड असल्याने मागे राहते. त्याच क्षणी इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतील, निर्वात कमी होतो आणि वाफ झालेल्या पेट्रोलचा काही भाग नळीच्या भिंतीवर पुन्हा द्रवरूपात चिकटतो. एका ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा हे आदर्श प्रमाण बिघडून मिश्रण विरळ होते, इंजिन दबते आणि कधी कार्बोरेटरमधून फटकन ‘बॅक मारते’. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्बोरेटरमध्ये एक्सिलरेटर पंप बसवलेला असतो. थ्रॉटलच्या दांडीला जोडलेला हा छोटा डायाफ्रॅम किंवा पिस्टन होळीच्या पिचकारीप्रमाणे, पाकळी उघडू लागताच, हवेच्या झोतात पेट्रोलची धार सोडतो. इतका साधा आणि इतका नेमका दुसरा भाग जुन्या इंजिनात क्वचितच सापडेल, आणि दुर्लक्षही सर्वांत जास्त त्याच्याकडेच होते.

त्याची परीक्षा करायला एकही उपकरण लागत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टरचे झाकण काढावे, चोकची पाकळी उघडी ठेवावी आणि जवळपास विडी, काडी वा ठिणगी नाही याची खात्री करून, कार्बोरेटरच्या घशात पाहत थ्रॉटलची दांडी हाताने ओढावी. दांडी हलताच बारीक पण अखंड धार दिसली, तर पंप ठीक आहे. धार उशिरा आली, तर जोडदांडीत ढिलाई आहे किंवा पेट्रोल परत जाऊ न देणारी बारीक गोळी नीट बसत नाही. धार ओघळल्यासारखी आली, तर डायाफ्रॅम कडक झाला किंवा फाटला आहे, अथवा जेटमध्ये, म्हणजे मोजून पाडलेल्या सूक्ष्म छिद्रात, कचरा अडकला आहे. मात्र गाडी बरेच दिवस उभी असेल, तर फ्लोट चेंबरमधील, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातील, पेट्रोल उडून गेलेले असते, आणि ते भरल्याशिवाय ही परीक्षा फसवी ठरते. अनेक ठिकाणी या पाच मिनिटांच्या पाहणीऐवजी आयडलचा स्क्रू फिरवला जातो किंवा मोठा जेट बसवला जातो. हा उपाय चुकीचाच आहे, कारण त्याने दोष झाकला जातो, प्लग काळे पडतात आणि पेट्रोलचा खर्च वाढतो तो वेगळाच.

पौषातील अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा भरते, तेव्हा गुडीहत्नूर–इंद्रवेल्ली रस्त्यावर पहाटेची थंडी कडाक्याची असते. थंड नळीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यामुळे पंपातली जी कमजोरी दुपारी कळतही नाही, ती पहाटे प्रत्येक गिअरला जाणवते. गाडी फक्त थंड असतानाच अडखळत असेल, तर आधी चोक आणि मग पंप पाहावा.

पंपाची धार उत्तम असूनही आयडलवरून उठताना गाडी दबत असेल, तर दुसरा संशयित म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्युम ॲडव्हान्स, अर्थात निर्वाताच्या ओढीने ठिणगी थोडी आधी पाडणारी डबी. तिची रबरी नळी काढून तोंडाने ओढावी आणि टोकावर जीभ दाबून धरावी; ओढ टिकली नाही, तर आतला पडदा फाटलेला आहे. नळीला गेलेली तडही हाच परिणाम करते. सोबत पॉइंटमधील फट, जी साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, आणि कंडेन्सरही तपासावा.

याउलट, पॅडल दाबताच गाडी जोरात उचलते आणि लांब चढणीवर अर्ध्या वाटेत मरगळते, तेव्हा पंपाचा काही संबंध नसतो. तिथे फिल्टर तुंबलेला, पेट्रोल पंप थकलेला किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोल उकळून वाफेचा अडथळा तयार होतो, तोही याच प्रकारात मोडतो. कपाशीच्या हंगामात वाहनांतून उडणारा कापूस एअर फिल्टरवर साचतो, तेव्हा तोही झाडून घ्यावा. २००० सालानंतरच्या एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत, थ्रॉटलची स्थिती कळवणारा सेन्सर झिजला की पॅडल दाबताच पंप बिघडल्यासारखाच झटका बसतो. पॅडल हळूहळू दाबताना मल्टिमीटरवरचा व्होल्टेज सलग न चढता मध्येच खाली कोसळला, तर दोष तिथेच आहे.

अलीकडे पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलने या विषयाला नवी निकड आणली आहे. इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी पाडलेल्या जेटमधून मिळणारे मिश्रण मुळातच थोडे विरळ होते, आणि पंपाच्या धारेत जराशीही कसर राहिली तर ती उघडी पडते. शिवाय जुने रबर इथेनॉलने फुगते किंवा ताठरते. म्हणून कार्बोरेटरची दुरुस्ती-किट घेताना डायाफ्रॅम आणि सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत ना, हे दुकानदाराला विचारूनच घ्यावे.