टपाल तिकिटाएवढं पोस्टर

तीन-चार वर्षं खपून बनवलेला गेम कुणी उघडून बघणार की नाही, हे ठरतं एका इटुकल्या चित्रावर. इंडी गेमच्या ‘कव्हर’चा फंडा नेमका आहे तरी काय?

शुक्रवारची रात्र. ऑफिसचा मेल एकदाचा बंद झालाय. वीकेण्डला खेळायला काहीतरी नवं हवं म्हणून तुम्ही ‘स्टीम’ उघडता. सेल चालू आहे. बोट स्क्रोल करत सुटतं... तलवारवाला, झोंबी, अंतराळयान, पुन्हा तलवारवाला, एक गोडुलं मांजर. मध्येच बोट थांबतं. का थांबलं, असं विचारलं तर तुम्हाला सांगता येणार नाही. ट्रेलर बघितलेला नाही, रिव्ह्यू वाचलेला नाही. बघितलंय ते फक्त एक चित्र, तेही टपाल तिकिटाएवढं.

या चित्राला स्टीमच्या भाषेत ‘कॅप्सूल’ म्हणतात. कॉम्प्युटर गेम्सच्या या बड्या ऑनलाइन दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. म्हणजे दिवसाला साधारण पन्नास! मोठ्या कंपन्यांकडे जाहिराती असतात, होर्डिंग्ज असतात. इंडी गेम म्हणजे एकट्यादुकट्याने नाहीतर चार-पाच जणांनी मिळून, बहुतेक वेळा स्वतःच्या सेव्हिंग्जवर केलेलं काम. त्यांचं होर्डिंग म्हणजे हे तिकीट.

माझा पुण्यातला एक मित्र आयटीतली बरी चाललेली नोकरी सोडून गेली तीन वर्षं असाच एक गेम बनवतोय. कोकणातला जुना वाडा, आजीच्या आठवणी आणि शांतपणे सोडवायची कोडी. त्याने मला कव्हर दाखवलं तेव्हा लॅपटॉपवर ते झकासच दिसत होतं. वाडा, विहीर, माड, चंद्र, कंदील घेतलेली मुलगी, मागे आजीची सावली आणि वर नाजूक अक्षरांत नाव. मग त्याने तेच मोबाइलवर उघडून टेबलापलीकडून धरलं. मला दिसला एक निळा-काळा डाग आणि त्यात एक पिवळा ठिपका.

‘‘हॉरर आहे का रे?’’ मी विचारलं.

त्याचा चेहराच पडला. कारण गेममध्ये भुताचा पत्ता नाही. म्हणजे ज्यांना भुताचे गेम आवडतात ते येऊन वैतागणार, आणि ज्यांना हा गेम आवडला असता ते फिरकणारच नाहीत. तीन वर्षांचं काम, आणि पहिल्याच नजरेत चुकीचा पत्ता.

घोडं कुठे पेंड खातं, ते आकडे बघितले की कळतं. स्टीमला एकच चित्र देऊन चालत नाही. पेजच्या वरचं आडवं चित्र ४६० बाय २१५ पिक्सेल, पहिल्या पानावर झळकलात तर लागणारं ६१६ बाय ३५३, उभं ३७४ बाय ४४८, आणि सर्च करताना, याद्यांमध्ये दिसणारं छोटं २३१ बाय ८७. हल्ली मूळ फाइल याच्या दुप्पट आकाराची मागतात, प्रमाण मात्र तेच. त्या छोट्याचेही स्टीम आपोआप आणखी छोटे तुकडे पाडतं. त्यातला सगळ्यात लहान १२० बाय ४५. आता बोला! त्यात आजीची सावली मावणार कुठे? स्टीम चालवणारी ‘व्हॉल्व’ कंपनी स्वतःच सांगते, की छोट्या चित्रात गेमच्या नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापली पाहिजे.

म्हणजे एक मोठं पोस्टर रंगवून ते कापत बसायचं, हा प्रकार बाद. प्रत्येक आकारासाठी मांडणी नव्याने करायची. मोठ्यात वाडा दिसू दे, छोट्यात नाव आणि कंदील पुरे.

‘हॉलो नाइट’ बघा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या छोट्याशा टीमचा २०१७ चा गेम. गर्द निळ्या अंधारात एक पांढराशुभ्र, शिंगं असलेला मुखवटा. बस्स. कितीही लहान करा, तो मुखवटा हरवत नाही. एरिक बॅरोनने चित्रं, संगीत, कोड असं सगळं एकट्याने केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये आला आणि २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्याचं नाव लाकडी फळ्यांतून कोरल्यासारखं आहे. अक्षरं वाचायच्या आधीच तुम्हाला शेताचा वास येतो!

खरी मेख इथेच आहे. कव्हरने गेमची सगळी गोष्ट सांगायची नसते, गेमची जात सांगायची असते. मारामारी आहे, शेती आहे, कोडी आहेत की भुतं आहेत? आपल्या दिवाळी अंकांचं बघा ना. स्टॉलवर शंभर अंक पसरलेले असतात, पण खिडकीतून डोकावायला लावणारा ‘आवाज’ वैचारिक लेखांचा अंक आहे, असा गैरसमज आजवर कुणाचा झाला असेल का?

मग सुंदर चित्राला किंमत नाही का? आहे, पण तिथेही गंमत आहे. २००१ चा ‘ईको’ हा प्लेस्टेशन २ वरचा गेम जपान आणि युरोपात ज्या कव्हरने आला, ते दिग्दर्शक फुमितो उएदाने स्वतः काढलं होतं. इटालियन चित्रकार द किरिकोच्या छायेतलं, लांबच लांब सावल्या आणि अवाढव्य भिंतींपुढे धावणारी दोन चिमुकली माणसं. अमेरिकेत मात्र शिंगवाल्या पोराचा ढोबळ क्लोजअप छापला. तिकडे खप बेताचाच झाला आणि अनेकांनी खापर त्या कव्हरवर फोडलं. उएदाचं चित्र आजही भारी वाटतं. पण माझं विचाराल तर ते १२० बाय ४५ मध्ये घालून बघा. ती दोन माणसं गायब! ते चित्र हातात धरायच्या खोक्यासाठी होतं.

खोक्यांच्या जमान्यात आणखी एक गोष्ट खपून जायची, ती म्हणजे थापा. अटारीच्या सुरुवातीच्या गेम्सच्या खोक्यांवर सिनेमाच्या पोस्टरसारखी रंगवलेली चित्रं असायची आणि आत पडद्यावर चार चौकोन उड्या मारायचे. आज असं केलंत तर गेलात. स्टीमवर २०१५ पासून सोय आहे. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत. थापेबाज कव्हरने गिऱ्हाईक आलं तरी टिकत नाही, वर चिडून वाईट रिव्ह्यू लिहून जातं. आणि कव्हरवर स्टार, पुरस्कार, ‘५० टक्के सूट’ वगैरे चिकटवायची चलाखी स्टीमने सप्टेंबर २०२२ पासून बंदच केली. चित्र आणि गेमचं नाव, एवढंच चालतं.

आपल्याकडच्यांपुढे आणखी एक पेच असतो. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आठवतोय? २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये गेम आलाच. पहाडी चित्रशैली, राजस्थानी महाल, दुर्गेने दिलेलं त्रिशूळ. हे सगळं आपल्याला एका झटक्यात कळतं, पण ब्राझीलमधल्या पोराला दुर्गा कोण हे कुठून ठाऊक? त्याला कळते ती शस्त्र घेऊन उभी राहिलेली मुलगी. देशी संदर्भ हवेतच, पण कव्हरवरची आकृती ते संदर्भ न कळताही वाचता आली पाहिजे. आमच्या मित्राचा वाडा तिथेच अडकला होता. कोकण न बघितलेल्याला तो नुसता भुताचा बंगला!

शेवटी त्याने एका चित्रकार मुलीला काम दिलं. एआयने फुकटात होईल, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. पण जानेवारी २०२४ पासून एआय वापरलं तर ते स्टीमला सांगावं लागतं आणि तशी नोंद गेमच्या पेजवर दिसते. शिवाय हाताने बनवलेल्या गेमवर तसलं गुळगुळीत कव्हर त्याला नकोच होतं. नव्या चित्रात रात्रीची सकाळ झालीय. उन्हातली ओसरी, मुलीच्या हातात कोड्याचा लाकडी डबा, आणि जाडजूड अक्षरांत नाव. चंद्र आणि विहीर गेली. माड काढताना मात्र त्याचा जीव तुटला.

कव्हर सगळं करत नाही, हेही खरं. ‘अमंग अस’ २०१८ मध्ये आला आणि दोन वर्षं जवळपास कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २०२० मध्ये स्ट्रीमर्सनी उचलला आणि घराघरात पोचला. नशीब लागतं, राव. पण नशीब आपल्या हातात नाही, चित्र आहे. आणि ते गेम आल्यावरही बदलता येतं. किती जणांना चित्र दिसलं आणि त्यातले किती पेजवर आले, हे दोन्ही आकडे स्टीम गेम बनवणाऱ्याला दाखवतं.

मित्राने नवं कव्हर लावून तीन आठवडे झालेत. हे दोन्ही आकडे तो रोज सकाळी चहाच्या आधी बघतो.