गौरी घरात आणि मोदकांची ऑर्डर फोनवर: आता काय करायचं?



व्हिडिओत हा मुद्दा घाईत उरकला गेला, म्हणून इथे नीट लिहितेय. घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्या ताई मला दरवर्षी विचारतात, "मॅडम, सगळ्यात जास्त ऑर्डर गणपतीत येतात आणि नेमक्या तेव्हाच माझ्याकडे गौरी असतात. नैवेद्य, पाहुणे, सवाष्ण. घर बघू की धंदा?"

एकटीने दोन्ही ओढलंत, तर एक काहीतरी बिघडणारच. आवाहन, पूजन, विसर्जन हे तीन दिवस पंचांग ठरवतं, तुम्ही नाही. पण त्या दिवशी ऑर्डर कोणाच्या हातून जाईल, हे तुम्ही ठरवू शकता.

नेटवर्किंग म्हटलं की आपल्याला हॉटेलातली मीटिंग आणि व्हिजिटिंग कार्डं आठवतात. तेही करा. पण तुमच्या खऱ्या उपयोगाची बाई म्हणजे अडचणीच्या दिवशी जिला हक्काने फोन करता येईल, ती. आणि ती तुमच्याच धंद्यातली हवी. हो, जिला आपण कॉम्पिटिशन म्हणतो तीच!

समजा, पूजनाच्या दिवशी शंभर मोदकांची ऑर्डर आली. पलीकडच्या गल्लीतल्या ताईंकडे दीड दिवसाचा गणपती असतो, म्हणजे त्या मोकळ्या झाल्यात. ऑर्डर त्यांना द्या. दुसऱ्या कोणाकडे ईद किंवा नाताळ असेल, तेव्हा तिच्या केकची किंवा फरसाणाची ऑर्डर तुम्ही सांभाळा. प्रत्येकीचा सण वेगळ्या दिवशी येतो, ही आपल्या फायद्याचीच गोष्ट आहे.

अशी बाई शोधायची कुठे? संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला तुम्ही दहा घरं फिरता ना? तिथे विकायला बसू नका, यजमानीणबाईंना अवघडल्यासारखं होतं. तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला मात्र वाण म्हणून आपल्या मसाल्याची छोटी पुडी द्या, वर नाव आणि नंबर. बाकी नुसतं ऐका: कोण काय बनवतं, कोणाची तारीफ होते. बचत गटात असाल तर अजून सोपं, कारण हप्ता वेळेवर कोण भरतं हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. शब्द पाळणारी बाई ओळखायला याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही. लिज्जत पापडाची सुरुवातही 1959 मध्ये गिरगावातल्या सात शेजारणींनी 80 रुपये उसने घेऊन केली होती.

आता पैशाचं. इथेच मैत्री तुटते, म्हणून आषाढातच बोलून घ्या. एकमेकींचे मोदक चाखून बघा. आकार किती, सारणात गूळ किती, दर काय हे जुळवा. ऑर्डर देणारीला काही मिळणार का, की फक्त परतफेडीची ऑर्डर? माल खराब निघाला तर ग्राहकाला पैसे कोण परत देणार? संकोच न करता हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा. आणि मोदक कोण बनवणार हे ग्राहकाला आधीच सांगा. नैवेद्याचे असतील तर लोक विचारतातच. लपवलंत आणि मागून कळलं, तर तो ग्राहक परत येत नाही.

घरातही सांगून ठेवा. "आवाहनाच्या आदल्या रात्रीपर्यंत मी ऑर्डर करणार, पुढचे तीन दिवस फोन बंद," असं सासूबाईंना आणि नवऱ्याला महिनाभर आधी सांगितलं, तर नारळ खवायला हातही मिळतात. त्या तीन दिवसांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेसवर अवे मेसेज लावा आणि त्यात, विचारून, त्या ताईंचा नंबर टाका.