मेंदूतले रंगीत ठिपके काय सांगतात, काय नाही

मेंदूविषयी काही छापून आलं की सोबत एक चित्र हमखास असतं. करड्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके, आणि खाली ओळ: ‘भीती वाटली की हा भाग उजळतो.’ वाचणाऱ्याला वाटतं, विचार चालू असतानाच कुणीतरी त्याचा फोटो काढला.

अशी चित्रं बहुधा फंक्शनल एमआरआय या तंत्रानं काढलेली असतात. हे तंत्र विचार मोजत नाही आणि चेतापेशींमधली वीजही मोजत नाही. ते रक्तातल्या प्राणवायूचा माग काढतं. हिमोग्लोबिनला प्राणवायू जोडलेला असताना त्याचं चुंबकीय वागणं वेगळं असतं आणि नसताना वेगळं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी 1936 सालीच दाखवलं होतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, तोही गरजेपेक्षा जास्त. मग तिथलं प्राणवायू नसलेलं हिमोग्लोबिन कमी होतं आणि यंत्राला मिळणारा संकेत थोडा वाढतो. सेइजी ओगावा यांनी बेल लॅब्जमध्ये 1990 साली उंदरांच्या मेंदूत हा परिणाम टिपला. 1992 मध्ये माणसांवरचे असे प्रयोग प्रसिद्ध झाले. ना क्ष-किरण, ना इंजेक्शन, त्यामुळे निरोगी माणसाला पुन्हा पुन्हा तपासणं शक्य झालं.

ही वाढ असते जेमतेम एक ते पाच टक्के, आणि ती येते सावकाश. समोर दिवा लागला की त्याची खबर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मेंदूच्या मागच्या भागात पोहोचते. रक्ताचा प्रतिसाद शिगेला जायला मात्र पाच-सहा सेकंद लागतात. चित्रातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या एकेका ठोकळ्यात लाखो चेतापेशी असतात. रंग तर नंतर संगणक भरतो: दोन परिस्थितींमधला फरक जिथे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला, तिथे. म्हणून ठिपके नसलेला मेंदू झोपलेला आहे आणि आपण मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे दोन टक्के, पण ऊर्जेतला वाटा सुमारे वीस टक्के. आपण स्वस्थ पडून असतानाही हा खर्च फारसा घटत नाही.

मग या पद्धतीचं मोल कशात आहे? तुलना किती हुशारीनं योजली, यात. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण 1999 सालचं आहे. मेंदूत चेहरे पाहताना विशेष प्रतिसाद देणारा एक भाग आहे, घरं आणि ठिकाणं पाहताना देणारा दुसरा, आणि हालचालीसाठी तिसरा. कॅथलीन ओक्रेव्हन, पॉल डाउनिंग आणि नॅन्सी कॅनविशर यांनी एक चेहरा आणि एक घर पारदर्शक करून एकमेकांवर ठेवले आणि त्यांतलं एक हलतं ठेवलं. पाहणाऱ्याची नजर मधल्या बिंदूवर खिळलेली. कधी त्याला चेहऱ्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, कधी घराकडे, कधी नुसत्या हालचालीकडे. डोळ्यांत शिरणारं चित्र तेच होतं, तरी चेहऱ्याकडे लक्ष असताना चेहऱ्यांच्या भागातला संकेत वाढला आणि घराकडे असताना घरांच्या भागातला. त्याहून विलक्षण गोष्ट पुढची. लक्ष फक्त हालचालीकडे होतं, पण हलत होता चेहरा, तेव्हा चेहऱ्यांच्या भागातला संकेतही वाढला. लक्ष त्या वस्तूवर गेलं आणि तिचे न विचारलेले गुणही सोबत आले.

डोळे आधी सगळं जसंच्या तसं टिपतात आणि लक्ष नंतर त्यातून निवड करतं, हा समज इथे कोसळतो. निवड पाहण्याच्या आतच चालू असते. त्याच वर्षी सॅबिन कास्टनर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ठरावीक जागी काहीतरी दिसणार म्हणून माणूस नुसती वाट पाहत असला, तरी चित्र येण्याआधीच दृष्टीच्या भागांतला संकेत वाढू लागतो.

दृष्टीचा भाग फक्त डोळ्यांसाठीच असतो का? 1996 मध्ये नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅन या मेंदूचं काम टिपणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या मदतीनं दाखवलं, की लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भागही काम करतो. पण त्या भागाची वाचनाला खरोखर गरज असते का, हे स्कॅन एकटा सांगू शकत नाही. 1997 मध्ये डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन त्या भागाच्या कामात व्यत्यय आणला गेला, आणि वाचनात चुका होऊ लागल्या. तेव्हा कुठे खात्री पटली.

हिशेब सैल ठेवला तर ठिपके कुठेही उगवतात. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’. हजारो ठोकळे तपासताना घ्यायची संख्याशास्त्रीय खबरदारी सोडून दिली, तर माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसली.

राहिला मन वाचण्याचा प्रश्न. टेक्सास विद्यापीठात अलेक्झांडर हुथ यांच्या गटानं 2023 मध्ये स्कॅनवरून, माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा ढोबळ आशय ओळखून दाखवला. त्यासाठी प्रत्येकाला सुमारे सोळा तास यंत्रात गोष्टी ऐकवाव्या लागल्या. एकावर शिकवलेला संगणक दुसऱ्यावर चालला नाही, आणि मनातल्या मनात प्राण्यांची नावं घेतली तरी त्याचा अंदाज बिघडला.

या मर्यादा आपल्याला माहीत असायलाच हव्यात. 2008 मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्याच्या निकालात मेंदूच्या चाचणीचा आधार घेतला गेला होता. ती चाचणी एमआरआयची नव्हती, डोक्यावर इलेक्ट्रोड लावून केलेली होती. पण तिच्यामागचा विश्वास हाच होता, की यंत्राला मनातलं कळतं. संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं मे 2010 मध्ये दिला. तो घटनेतल्या हक्कांवर उभा आहे. विज्ञानाच्या बाजूनं पाहिलं तरी मला तो योग्यच वाटतो.