मोगलीचं जंगल नागपूरच्या शेजारी आहे, पण ते लिहिणारा तिथं कधी आलाच नव्हता

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की मनसर, देवलापार मागे पडतं आणि खवासा ओलांडल्यावर मोगली भेटायला लागतो. कुठं पाटीवर, कुठं रिसॉर्टच्या नावात, कुठं थेट ‘मोगली लँड’ म्हणून. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या तुरिया गेटवर पोहोचेपर्यंत पर्यटकाची पक्की खात्री झालेली असते की ‘जंगल बुक’ घडलं ते इथंच.

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेला तो जपानी कार्टूनचा हिंदी अवतार, गुलजारांचं शीर्षकगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. रविवारी सकाळी आंघोळ टाळायला तेवढं कारण पुरायचं.

पण यात एक गोम आहे. ज्या रुडयार्ड किपलिंगनं हे जंगल जगाला दाखवलं, त्यानं सिवनीचं जंगल कधी पाहिलंच नव्हतं.

किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. लहानपणीच त्याला इंग्लंडला पाठवलं गेलं. १८८२ मध्ये परतला तो पत्रकार म्हणून, आधी लाहोर आणि मग अलाहाबाद. १८८९ मध्ये त्यानं भारत सोडला. मोगलीच्या बहुतेक गोष्टी लिहिल्या गेल्या त्या यानंतर, अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात. म्हणजे बाहेर गुडघाभर बर्फ आणि कागदावर सातपुड्यातली उकाड्याची संध्याकाळ. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं आणि दुसरा भाग १८९५ मध्ये.

मग सिवनीच का?

याचं उत्तर बरंचसं एका जुन्या पुस्तकात आहे. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७७ मध्ये सातपुड्यातल्या छावणी जीवनावर आणि शिकारीवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं नावच ‘सिवनी’. पुढं त्यानं भारतातल्या सस्तन प्राण्यांवरही जाडजूड ग्रंथ लिहिला. किपलिंगनं आपलं जंगल उभं केलं ते अशा वाचनातून आणि ऐकीव माहितीतून.

इथं नागपूरचा धागाही जुळतो. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत तयार केला, त्याची राजधानी नागपूर आणि सिवनी त्यातला एक जिल्हा. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना होईपर्यंत सिवनीचा कारभार नागपूरशीच बांधलेला होता. किपलिंगच्या काळात खवाशाला राज्याची सीमा नव्हतीच.

गंमत म्हणजे न पाहिलेल्या या मुलखाचा नकाशा मात्र पुस्तकात बऱ्यापैकी अचूक आहे. शेरखान राहतो ती ‘वैनगंगा’ म्हणजे आपली भंडाऱ्याची, पवनीची वैनगंगा. ती सिवनी जिल्ह्यातच उगम पावते आणि बालाघाटवरून विदर्भात उतरते. गोसीखुर्द धरण तिच्यावरच आहे. म्हशींच्या कळपाखाली शेरखानला तुडवलं जातं ती घळही तिच्याच काठची. पुस्तकात इंग्रज साहेबाचं ठाणं म्हणून येणारं ‘खान्हीवाडा’ हे कान्हीवाडा नावानं सिवनी जिल्ह्यात आजही आहे. कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, टोळी दख्खनकडून वर येते ती दिशाही बरोबर आहे.

आणि ज्या पेंचच्या नावानं आज सगळं विकलं जातं, ती पेंच नदी पुस्तकात येतच नाही.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र किपलिंगनं सरळ थापा मारल्यात. पुस्तकातला बल्लू तपकिरी अस्वल आहे. तपकिरी अस्वलं हिमालयात असतात, सातपुड्यातलं अस्वल काळं. का हा अजगर ३० फुटांचा, तर इथला अजगर दहा फुटांच्या आसपास भरला तरी बघायला गर्दी जमते. लांडगा हा खरं तर माळरानाचा प्राणी, दाट सागवानी जंगलात तो क्वचितच दिसतो. माकडांचं ते पडकं शहर वाचताना राजस्थानातले चित्तोड आणि आमेर डोळ्यांपुढं येतात. किपलिंग १८८७ मध्ये तिकडं हिंडला होता. बगीरा काळा बिबट्या, तो म्हणे उदयपूरच्या राजवाड्यातून पळून आलेला. मात्र इथं वास्तवानं किपलिंगला गाठलंय, कारण गेल्या काही वर्षांत पेंचमध्ये काळा बिबट्या खरोखर दिसलाय. सिनेमातला किंग लुई हा ओरांगउटान मात्र किपलिंगच्या माथी मारू नका. तो १९६७ च्या डिस्नेपटातला आहे.

‘मोगली’ या नावाचा अर्थ बेडूक, असं पुस्तकात सांगितलंय. पुढं किपलिंगनंच कबूल केलं की हे नाव आपण रचलेलं आहे आणि कुठल्याही भाषेत त्याचा अर्थ बेडूक असल्याचं आपल्याला ठाऊक नाही. त्याच्या मते उच्चारही ‘माउग्ली’ असा हवा. आता कोण ऐकणार!

‘खरा मोगली’ सापडला होता का?

सिवनीजवळ १८३१ मध्ये लांडग्यांत वाढलेला मुलगा सापडला, विल्यम स्लीमननं त्याच्यावर लिहिलं आणि तोच मोगली, ही गोष्ट गाइडपासून रीलपर्यंत सगळीकडं ऐकू येते. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन नरसिंहपूर-जबलपूर भागात होता हे खरं. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांवर त्याची पुस्तिकाही आहे, १८५२ ची. पण तिच्यातल्या हकिकती अवधातल्या आहेत, सुलतानपूरकडच्या. म्हणजे किपलिंगपर्यंत अशा कथा नक्की पोहोचल्या असतील, पण त्या जोरावर सिवनीचा खरा मोगली सिद्ध होत नाही.

या सगळ्या शोधाशोधीत एका गोष्टीकडं दुर्लक्ष होतं. सातपुड्याच्या या पट्ट्यात खरोखर राहतात ते गोंड लोक. जंगलाची वाट, पाण्याची जागा, कुठलं कंद कधी खायचं, हे सगळं मोगली ज्या शाळेत शिकतो ती त्यांची शाळा. पुस्तकात मात्र गोंड शिकारी येतो तो घटकाभर. गावावर जंगल चालून येतं तेव्हा सल्ला विचारायला त्याला बोलावतात, तो खूण सांगतो आणि निघून जातो. जंगलात वाढलेला माणूस दाखवायला लांडग्यांची मदत घ्यावी लागली, हा किपलिंगच्या साहेबी नजरेचा दोष म्हणावा लागेल.

शंभर रुपयांचा शेरखान

पुस्तकात शेरखानच्या कातड्यावर सरकारचं १०० रुपयांचं इनाम आहे. गावचा शिकारी बलदेव ते कातडं स्वतः लाटायला बघतो आणि मोगलीला त्यातला एक रुपया देऊ करतो. हे इनाम काही कल्पनेतलं नाही. वाघ मारणाऱ्याला पैसे देणं हे तेव्हाचं सरकारी धोरणच होतं.

आज हिशेब उलटा झालाय. वाघ मारला तर तुरुंग, आणि वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर महाराष्ट्र सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देतं. पेंचची सगळ्यात लाडकी नायिकाही वाघीणच. मध्य प्रदेशच्या बाजूला राहणाऱ्या ‘कॉलरवाली’नं आठ वेतांत २९ बछडे दिले. जानेवारी २०२२ मध्ये ती गेली तेव्हा गावकऱ्यांनी हार घालून तिला निरोप दिला. पण त्या बछड्यांना मोठं झाल्यावर स्वतःची हद्द लागते, आणि ती शोधायला जंगल सोडून कान्हाकडं किंवा दक्षिणेकडं निघावं लागतं. वाटेत शेतं आहेत, गावं आहेत, आणि आडवा येतो नागपूर-सिवनी महामार्ग.

हाच तो रस्ता ज्यावरून मोगली बघायला गाड्या धावतात, आताचा राष्ट्रीय महामार्ग ४४. त्याचं चौपदरीकरण वन्यजीवांच्या मुद्द्यावरून वर्षानुवर्षं अडलं होतं. शेवटी तोडगा निघाला तो असा की महाराष्ट्रातल्या जंगलपट्ट्यात रस्ता नऊ ठिकाणी उचलायचा आणि खालून जनावरांना वाट ठेवायची. त्यातली सगळ्यात लांब वाट ७५० मीटरची आहे. वर ट्रक, खाली चितळ. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये तिथं कॅमेरे लावले, तर वाघासकट १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले. रानकुत्रेही त्यात होते.

दुसऱ्या पुस्तकात एक प्रसंग आहे. भयंकर दुष्काळ पडतो, नदीतला खडक उघडा पडतो आणि पाण्यापुरता सगळे प्राणी तह करतात. वाघानं पाण्यावर हरणाला हात लावायचा नाही. पेंचमध्ये असा तह नाही. उन्हाळ्यात तोतलाडोहचं पाणी मागे सरकतं तेव्हा काठावर चितळ, रानगवा, वाघ सगळे येतात, आणि त्याच धरणाखालून नागपूरच्या नळांना पाणी येतं.

बघायचंच असेल तर खवासा ओलांडायचीही गरज नाही. सिल्लारी, चोरबाहुली आणि खुर्सापार ही गेटं महाराष्ट्रातच आहेत, सिल्लारी तर नागपूरपासून जेमतेम ७० किलोमीटर. पावसाळ्यात कोअर बंद असतो, ऑक्टोबरमध्ये उघडतो. आणि जाताना महामार्गावर मनसरच्या पुढं रस्ता पुलावर चढला आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती दिसल्या, तर समजा, त्या क्षणी खालून कुणीतरी चाललेलं असू शकतं.